खत्तचं ऊन पाणी

रंजिताचं लग्न झालं ते १९९८ सालच्या मे महिन्यात. ती माझी थोरली मुलगी. मी लग्नाला नव्हतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये मी डेंटर होतो, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचो. माझ्या सुटीची पाळी पुढच्या वर्षी होती आणि मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं. रंभा, माझी बायको, फोनवर म्हणाली, की तुम्ही नसलात तरी अक्षता पडतील, पण तुम्ही नाही म्हणू नका. मी नाही म्हटलं नाही.

मुहूर्त दुपारी बारा वीसचा होता. आमच्याकडे तेव्हा दहा पन्नास होतात. मी एका गाडीचा दरवाजा ठोकत होतो. अन्वर आला, त्याने माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि माझ्या ओंजळीत मूठभर तांदूळ घातले. खोलीवरून पुडी बांधून आणले होते त्याने. कुठे टाकू, असं मी विचारलं. तो म्हणाला, "टाक इथेच. पोचतील."

अन्वर म्हणजे अन्वर दाऊद सोलकर. राजापूरच्या खाडीकडचा. आमच्याच गॅरेजात रिकव्हरीची गाडी चालवायचा, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या, उलटलेल्या गाड्या ओढून आणायचा. मी संगमेश्वर तालुक्यातला. बारा वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. दुमजली कॉटवर वर मी, खाली तो, कारण त्याला शिडी चढायचा कंटाळा. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. माझी पत्रं तोच वाचून दाखवायचा आणि उत्तरंही तोच लिहायचा. रंभाला त्याचं अक्षर माझ्या चेहऱ्याइतकं ओळखीचं होतं.

लग्नानंतर महिन्याने रंजिताचं पत्र आलं. पत्रात लग्न थोडं आणि रेल्वे जास्त होती. त्याच वर्षी कोकण रेल्वे सगळी सुरू झाली होती आणि वऱ्हाड संगमेश्वरहून कणकवलीला रेल्वेने गेलं होतं. पोरीने वाटेतली स्टेशनं ओळीने लिहिली होती. उक्षी, भोके, रत्नागिरी, निवसर, आडवली, विलवडे, राजापूर रोड, वैभववाडी. उक्षीच्या पुढचा बोगदा एवढा लांब होता की संपेपर्यंत तिने आईचा हात सोडला नाही. अन्वरने ते पत्र मला एकदा वाचून दाखवलं आणि स्वतः मात्र दहा वेळा वाचलं. आमच्यापैकी कोणीच ती रेल्वे पाहिली नव्हती. आमच्या मागे आमच्या मुलखातून गाडी धावायला लागली होती.

तेव्हाच त्याने ठरवून टाकलं. घरी गेलो की एक दिवस दोघांनी काढायचा. मी संगमेश्वरला गाडीत बसायचं, राजापूर रोडला उतरायचं, तिथे तो उभा असेल. मग राजापूरच्या उन्हाळ्याला जायचं. उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचं कुंड, फार जुनं. त्याची नानी मैमुनाबी त्याला लहानपणी तिथे चालवत न्यायची. आंघोळ करायची, त्याच्या घरी जेवायचं, संध्याकाळच्या गाडीने मी परत. "रुकय्या तुला तिसऱ्यांचं सुकं घालील," तो म्हणायचा. रुकय्या त्याची बायको, आणि तिसऱ्या म्हणजे त्याच्या खाडीतले शिंपले. "पण गाडी चुकली तर राहायचं नाही हां. घरात जागा नाही. तू घोरतोस."

पुढचं साल उजाडलं. रमजान संपला, ईद झाली आणि त्याची मुलगी शहनाझ हिचा निकाह ठरला. सात मार्च, रविवार. अन्वरची सुटी मंजूर झाली. सत्तावीस फेब्रुवारीचं विमान. त्याने बॅग आणली आणि रिकामीच वर माझ्या कॉटवर, पायथ्याशी ठेवून दिली. त्याच्या स्वतःच्या कॉटखाली आधीच सामान भरलेलं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याला सलग चार दिवस पार अबू धाबीच्या पलीकडे, रुवैसच्या फेऱ्या पडल्या. सकाळी अंधारात निघायचा, दिवसभर गाडीत. पाचव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. आधी वाटलं क्लचमुळे असेल. मग पाय सुजला. हात लावला तर एका पायापेक्षा दुसरा गरम लागायचा. आठवडाभर त्याने चालढकल केली. मी बाम लावला, मिठाच्या पाण्याचा शेक दिला. शेवटी बुधवारी तो गॅरेजजवळच्या दवाखान्यात गेला. तिथला मल्याळी डॉक्टर साधा माणूस होता, हिंदीत बोलायचा. परत आल्यावर मी विचारलं तर अन्वर म्हणाला, आराम कर म्हणाला. हातात एक दुमडलेला कागद होता. गॅरेजची पिकपही तोच चालवायचा; कागद त्याने तिच्या काचेवरच्या, उन्हासाठी पाडतात त्या झडपेत खोचून ठेवला, शहनाझच्या फोटोमागे.

गुरुवारी तो म्हणाला, उद्या खत्तला जाऊ.

खत्त हे रास अल खैमाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथेही जमिनीतून ऊन पाणी येतं. फार पूर्वीपासून लोक तिथे गुडघे आणि कातडीची दुखणी घेऊन येतात, उंटावरून यायचे तेव्हापासून. अन्वर एकदा त्या बाजूला गाडी आणायला गेला होता तेव्हा पाहून आला होता. शुक्रवारी आम्हाला सुटी. फोरमन मुरलीधरकडून त्याने पिकप मागून घेतली. मुरलीधर साताऱ्याचा, बोलायला कडक, पण गाडी द्यायचा. एवढंच म्हणाला, की तुमच्या आंघोळीपायी माझी टाकी रिकामी करू नका.

शुक्रवार, एकोणीस फेब्रुवारी. सकाळी सहाला निघालो. मी चपात्या आणि जवळ्याची चटणी घेतली होती, खोबरेल तेलाची बाटली घेतली होती. हवा थंड होती. अन्वर चढताना दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवत होता. ते मी पाहिलं.

इंडस्ट्रियल एरियाच्या बाहेर पडल्यावर त्याने दोनदा हॉर्न दिला आणि म्हणाला, "संगमेश्वर सुटलं." मला आधी कळलं नाही. अजमानची पाटी आली तेव्हा म्हणाला, "उक्षी. उतरणारे उतरून घ्या." मग मला उमगलं. रंजिताच्या पत्रातली सगळी स्टेशनं त्याला तोंडपाठ होती.

"आता बोगदा," तो म्हणाला. "डोळे मीट."

"तू मीट."

"मी इंजिनावर आहे. तू पाशिंजर. पाशिंजराने मिटायचे."

मी मिटले. तो तोंडाने गाडीचा आवाज काढत राहिला. बोगदा काही संपेना. मी म्हटलं, अरे किती लांब. तो म्हणाला, पोरीने लिहिलंय ना, आईचा हात सोडला नाही, तेवढा लांब. मग उम्म अल क्वैनला रत्नागिरी आलं आणि तिथे त्याने टपरीवर गाडी लावून चहा मागवला, कारण मोठ्या स्टेशनावर गाडी थांबते. चहा त्याने गाडीतच बसून घेतला. खाली उतरला नाही.

त्या चहाच्या वेळी त्याने मला खरं सांगितलं. डॉक्टर आराम कर एवढंच म्हणाला नव्हता. मोठ्या इस्पितळात जा, आजच जा, असं म्हणाला होता. तो कागद इस्पितळासाठीच होता. अन्वरचं म्हणणं असं, की एकदा इस्पितळात गेलं की ते ठेवून घेतात. शेजारच्या गॅरेजातला एक पेंटर असाच पोटदुखी घेऊन गेला, तो तीन आठवडे आत राहिला. त्याची सुटी तिथेच गेली.

"विमानाला आठ दिवस राहिले आहेत," तो म्हणाला. "आठ दिवस हा पाय मला दे म्हणावं. नंतर कापा."

मी तेव्हा काय बोललो ते मला लख्ख आठवतं. मी म्हटलं, "मग नको जाऊस. आधी लग्न उरकून ये. पाय कुठे पळून जात नाही."

मी दुसरं काही बोलू शकलो असतो. पण मी मे महिन्यात गॅरेजच्या तेलकट जमिनीवर तांदूळ टाकले होते. ते मी संध्याकाळी झाडूने गोळा केले होते. त्याच्यावर ती पाळी येऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो खूश झाला. कप बाहेर देत म्हणाला, "यल्ला, निवसर."

रास अल खैमा विलवडे झालं. पुढे दिगदागाकडे वळलो, शेतं लागली, गाई दिसल्या. नंतर डोंगर जवळ आले, उघडे, आमच्याकडच्या कातळासारख्या रंगाचे. खजुराची बाग लागली आणि अन्वरने गाडी अगदी हळू केली, फलाटावर आणतात तशी. "राजापूर रोड," तो म्हणाला. "उतरा." मी उतरून त्याच्या बाजूला गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो खाली आला.

पुरुषांचं कुंड वेगळं, भिंत घातलेलं. पाण्यावर वाफ होती. एक म्हातारा अरब आणि त्याच्याबरोबरचे दोघे पाण्यात बसले होते. अन्वरने पायजमा गुडघ्याच्या वर गुंडाळला तेव्हा मी त्याचा पाय उजेडात नीट पाहिला. पोटरी तांबडी निळी होती आणि कातडी ताणून चकचकीत झाली होती.

मला वाटलं तो सरळ पाण्यात उतरेल. पण नाही. मैमुनाबीचा नियम होता. आधी तेल, मग पाणी. आणि तेल खालून वर चोळायचं, घोट्यापासून मांडीकडे, कधीही उलटं नाही. दुखणं वर चढवून बाहेर काढायचं, असं ती सांगायची. राजापूरला ती कुंडाच्या काठावर गावातल्या निम्म्या बायकांचे पाय असे चोळून द्यायची. अन्वर पायरीवर बसला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, माझे हात पत्र्याचे आहेत, दुखेल. तो म्हणाला, "पोचाच काढायचाय, भिकू. तुझ्याइतका चांगला पोचा अख्ख्या शारजात कोण काढतं?"

पत्र्यात पोचा आला की डेंटर आधी डोळे मिटून हात फिरवतो. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. मी तसाच हात फिरवला. पोटरीच्या मागे, आत खोल, मला एक कडक दोरीसारखं लागलं. करंगळीएवढं. मी म्हटलं, सापडलं. इथेच सगळं दुखणं बसलंय. अन्वरने दात आवळले आणि म्हणाला, काढ.

मी काढायला लागलो. पत्रा सरळ करताना एकदम जोर लावायचा नसतो, कडेकडेने यायचं असतं. मी घोट्यापासून अंगठे लावले आणि दाबत वर नेले. पुन्हा खाली आलो, पुन्हा वर. अर्धा तास तरी मी चोळत असेन. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो मला शिव्या देत होता, कोकणी शिव्या, ज्या त्या अरबांना कळत नव्हत्या म्हणून बरं. म्हातारा अरब सरकून आमच्याकडे आला. त्याने स्वतःचा गुडघा दाखवला, मग पाणी दाखवलं आणि हात झाडून म्हणाला, "खलास, खलास." म्हणजे आता दुखणं गेलंच समजा. शेवटी शेवटी ती दोरी माझ्या बोटांना लागेना. मी दोनदा शोधली. मी म्हटलं, विरघळली.

तो पाण्यात उतरला आणि गळ्यापर्यंत बसला. मीही उतरलो. मग तो म्हणाला, पाय हलका झाला. खरंच झाला होता. बाहेर आल्यावर तो माझ्या खांद्याशिवाय पाच पायऱ्या चढला. मला इतका अभिमान वाटला, की मी माझे हात धोतराला पुसता पुसता थांबलो. म्हटलं, आजचं तेल राहू दे हातांना.

गावातल्या मशिदीत तो जुम्म्याच्या नमाजाला गेला. मी बागेत खजुराखाली बसून राहिलो. परत आला तो चालतच, किंचित लंगडत. आम्ही चपात्या खाल्ल्या. जेवताना त्याने मांडवाचा सगळा बेत सांगितला. मांडव घरापुढे, खुर्च्या शाळेतून, आणि दारात तो स्वतः. खुर्ची टाकून बसणारा बाप त्याला व्हायचं नव्हतं. मग तो उठला आणि दोन खजुरांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"असा," तो म्हणाला. "दोन्ही पायांवर. या, या, मामू. या भाभी, मुलं कुठायत? अरे, बसा ना." तो वाकून एकेकाला आत घेत होता. समोर वाळू आणि पिकप होती. मग माझ्याकडे पाहून त्याने तोंड वाकडं केलं. "हा कोण? संगमेश्वरचा? याला मागे बसवा. जेवतो फार."

येताना त्याने स्टेशनं उलटी घेतली. बोगद्यात मला झोप लागली.

शनिवारी तो कामावर आला. पाय कसा आहे विचारलं तर उडी मारून दाखवली. मुरलीधर म्हणाला, आता दर शुक्रवारी पिकप मागू नका. एकदोनदा त्याला खोकला आला आणि छातीत उसण भरल्यासारखं वाटलं, पण काल ओल्या अंगाने वाऱ्यात बसलो होतो म्हणून असेल, असं आम्हीच ठरवलं. दुपारी त्याने माझ्या कॉटवरची बॅग काढली आणि भरायला घेतली. शहनाझसाठी घेतलेलं हिरवं कापड मला उलगडून दाखवलं आणि परत घडी घालता येईना म्हणून माझ्याकडून घालून घेतलं.

रविवारी सकाळी साडेसातला तो रिकव्हरीच्या गाडीत चढत होता. मी दहा हातांवर होतो. एक पाय पायरीवर ठेवला आणि तो थांबला. मला वाटलं काही विसरला. त्याने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला, जणू त्याला मला काही सांगायचं होतं, आणि खाली बसला. मी पोचलो तेव्हा तो श्वासासाठी धडपडत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती येण्याआधीच सगळं संपलं होतं.

दुपारी मुरलीधरने पिकप आवरली. झडपेतून फोटो आणि कागद काढला. कागद इंग्रजीत होता, आणि अन्वरला वाचता यायचं ते मराठीच. मुरलीधरला इंग्रजी येत होतं. त्याने आधी मनात वाचलं, मग मला सांगावं की नाही असा थोडा वेळ उभा राहिला. मी म्हटलं, सांगा. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ असण्याचा संशय. ताबडतोब दाखल करावे. पाय चोळू नये, शेकू नये.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना विचारलं, की न चोळण्याचं तुम्ही त्याला तोंडाने सांगितलं होतं का. इस्पितळात जा हे हिंदीत सांगितलं, ते त्यांना नक्की आठवत होतं. चोळण्याचं कागदावर लिहिलं होतं. मोठ्या इस्पितळात वाचतील म्हणून लिहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, कोणी चोळलं होतं का? मी हो म्हटलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. ती गाठ सुटून वर जाते, छातीत अडकते, एवढं त्यांनी सांगितलं. तुमच्यामुळेच असं नाही म्हणता येणार, ती आपोआपही सुटते, असंही म्हणाले. चांगला माणूस होता.

रुकय्याने फोनवर सांगितलं, की तिथेच माती द्या, इतक्या लांब हाल नकोत. शारजातच दफन झालं. शहनाझचा निकाह चाळीस दिवसांनी घरातल्या घरात झाला. मांडव नव्हता. बॅग मी गावाकडच्या एका माणसाबरोबर पाठवली. फोटो आले ते माझ्या नावावर आले. हिरवं कापड तिने शिवून घेतलं होतं.

त्यानंतर पत्र वाचून दाखवायला कोणी राहिलं नाही. दुसऱ्याला वाचायला द्यायचं मला जमेना. पन्नास वर्षांचा होतो, तेव्हा मुरलीधरकडून अक्षरं शिकलो, रंजिताच्या त्याच पत्रावरून. पहिला पूर्ण शब्द मी वाचला तो उक्षी.

२००३ साली मी कायमचा घरी आलो. त्या वर्षी श्रावणात एक दिवस सकाळी संगमेश्वरला गाडीत बसलो. उक्षीनंतर बोगदा आला तेव्हा मी डोळे मिटले. राजापूर रोडला उतरलो. तिथून गाव बरंच लांब आहे, ते अन्वरने कधी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याला गेलो. काठावर बसलो, पाण्याला हात लावला नाही. मग त्याच्या घरी गेलो.

रुकय्याने मला ओळखलं. तिसऱ्या नव्हत्या, पावसाचे दिवस, तिने अंडी केली. जेवताना ती सगळं विचारत होती. शेवटचा आठवडा कसा गेला, काय खात होता, काय बोलत होता. मी खत्तचं सांगितलं, स्टेशनांचं सांगितलं, खजुराखाली तो पाहुण्यांना कसं या म्हणत होता ते सांगितलं. ती हसली, मग रडली. मग म्हणाली, "पाय फार दुखत होता म्हणे. मला एकच लागून राहिलंय, भाऊजी. तिकडे त्याचा पाय चेपून द्यायलाही कोणी नव्हतं का?"

मी ताटाकडे बघत म्हटलं, "होतं. मी दिला चोळून. अर्धा तास."

तिने दोन्ही हात वर करून माझ्यासाठी दुवा मागितली. अल्ला तुझ्या हातांना बरकत देवो, म्हणाली. मी पुढचं सांगणार होतो. ते सांगायलाच मी रेल्वेत बसलो होतो. ती उठून माझ्या ताटात भाकरी घालायला आली आणि मी भाकरी घेतली. संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

रुकय्या गेल्या वर्षी गेली. म्हणून आता हे लिहून ठेवतो. अन्वर दाऊद सोलकर रविवार, २१ फेब्रुवारी १९९९ रोजी सकाळी शारजात वारला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं, आणि मुलीच्या लग्नाला चौदा दिवस राहिले होते.